खिडकी आधी, टाइल्स नंतर



मी आरोग्यसेविका म्हणून वस्त्यांमधून फिरते. मागच्या उन्हाळ्यात एका घरी गेले होते. घर नवे, घरकुल योजनेतून बांधलेले. स्लॅब, आत पांढऱ्या टाइल्स, समोरच्या भिंतीला निळा रंग, तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला टीबी निघाला होता. मी नेहमीच्या सूचना दिल्या. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, खोकताना तोंडावर रुमाल धरायचा, आणि तो झोपतो त्या खोलीची खिडकी दिवसभर उघडी ठेवायची.

त्याची आई म्हणाली, "ताई, खिडकी हाय की. पण उघडायची कशी? उघडली की शेजाऱ्याची भिंतच लागती."

मी जाऊन पाहिले. खिडकी आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा होती. खिडकीच्या आतल्या बाजूला कपाट लावून टाकले होते. एकूण दोन खोल्या, आणि बाहेरची हवा येण्यासाठी एकच वाट, पुढचा दरवाजा. तोही दुपारी उन्हामुळे आणि रात्री चोरांच्या भीतीने बंद. आत पाच माणसे.

ती माउली पुढे म्हणाली ते वाक्य मला अजून सुचू देत नाही. "जुनं घर पत्र्याचं होतं, पण त्यात असं कोंडल्यावानी होत नव्हतं."

ती बरोबर बोलत होती. कुडाच्या, पत्र्याच्या, कवेलूच्या घराला फटी असतात. पावसात गळते, थंडीत गारठा येतो, पण हवा फुकट येते-जाते. पक्के घर बांधले की त्या सगळ्या फटी बुजतात. त्यामुळे कच्च्या घरात जी हवा आपोआप मिळत होती, ती पक्क्या घरात ठरवून आणावी लागते. हे ठरवण्याची वेळ एकदाच येते, जोत्याचे दगड पडण्याआधी. नेमका तेव्हाच आपल्या घरात विषय कोणता असतो? टाइल्स कोणत्या, दरवाजा सागवानी की लोखंडी, स्लॅबवर पुढे मजला चढेल का. हवेबद्दल कुणीच विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा करा. आधी खिडकी, मग टाइल्स.

हवा म्हणजे चैन नव्हे

टीबीचा जंतू पाण्यातून किंवा ताटातून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. रोगी खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते लगेच खाली बसत नाहीत, बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. त्याच खोलीत बाकीची माणसे रात्रभर श्वास घेतात. औषध सुरू झाले की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. पण टीबी आहे हे कळायच्या आधीचे महिने कोण मोजतो? त्या महिन्यांत घराला वाचवायला गोळी नसते. तेव्हा घराची हवा बदलत राहणे हाच मोठा आधार असतो.

पेरू देशातल्या लिमा शहरात काही रुग्णालयांच्या खोल्यांचा अभ्यास झाला होता. तो 2007 साली प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत खिडक्या-दारे उघडी ठेवली, तर नव्या इमारतींपेक्षा हवा कितीतरी जास्त वेळा बदलत होती. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही.

टीबीखेरीज धूर आहे. उज्ज्वला योजना 2016 साली आली, सिलिंडर घरात आले, पण सिलिंडर महाग झाला की अंघोळीचे पाणी आणि भाकरी पुन्हा चुलीवर येते, हे आपण सगळे जाणतो. घरातल्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बायका आणि लहान मुले किती असतील हे वेगळे सांगायला नको. चुलीपुढे तीच असतात.

मग ओल आहे. कपडे आत वाळतात, भात शिजतो, पाच माणसे झोपतात, त्या सगळ्याची वाफ भिंतीला धरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. दमेकऱ्याच्या घरात ती बुरशी म्हणजे दुखण्याला निमंत्रण.

आणि एक धोका नवाच आहे. बाथरूममध्ये लावलेला गॅसचा गीझर. बंद बाथरूममध्ये तो चालला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला घेरी येते आणि तो आतल्या आत पडतो. कडी आतून लावलेली असते. थंडीत खोलीत पेटती शेगडी ठेवून दार लावून झोपणाऱ्यांचेही हेच होते. गॅसचा गीझर लावायचाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा.

बाबासाहेबांची चाळ आणि गोवंडीची इमारत

मुंबईत 1896 साली प्लेग आला. पुढच्याच वर्षी पुण्याकडे प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या. त्या प्लेगने सरकारला एक गोष्ट शिकवली. उजेड-वारा नसलेल्या दाट वस्तीत रोग घर करतो. 1898 साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो त्यातूनच. या ट्रस्टने गरिबांची घरे पाडली जास्त आणि बांधली कमी, हा आक्षेप खराच आहे. पण त्याने बांधलेल्या चाळी म्हणजेच बीआयटी चाळी. परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळ क्रमांक 1 मध्ये, 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत, 1912 ते 1934 या काळात बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते.

त्या ट्रस्टचे एक अधिकारी ऑर यांनी उजेड-वाऱ्यासाठी एक नियम धरला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. कोनाचे गणित बाजूला ठेवू. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा की समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. भिंत 10 फूट असेल तर 5 फूट. भिंत 20 फूट असेल तर 10 फूट.

आता आजच्या मुंबईत या. गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख कंपाउंड आहे, लल्लुभाई कंपाउंड आहे. झोपडपट्टीतून उठवलेल्या कुटुंबांना तिथे पक्की घरे मिळाली. नटवर पारेखमध्ये सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि दोन इमारतींमध्ये जागा आहे जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांना सोबत घेऊन केलेली पाहणी 2018 साली पुढे आली. या दोन वसाहतींत टीबीचे प्रमाण जास्त दिसले, आणि जवळच्याच, इमारतींमध्ये जास्त मोकळी जागा असलेल्या पीएमजी कॉलनीत ते खूप कमी दिसले.

शंभर वर्षांपूर्वी माहीत असलेली गोष्ट गरिबाचे घर बांधताना सोयीस्करपणे विसरली जाते. ती विसरणाऱ्यांना आपण जाब विचारलाच पाहिजे. पण आपले घर जेव्हा आपणच बांधतो, आपल्याच जागेवर, आपल्याच गवंड्याकडून, तेव्हा ती चूक आपणही करावी का?

खिडकी नको म्हणणारी कारणे

मी घरोघरी विचारते, खिडकी का नाही ठेवली? उत्तरे ठरलेली आहेत, आणि ती खोटी नाहीत.

चोर येतील. तर ग्रील लावा. ग्रीलला पैसे नसतील तर सिमेंटची तयार जाळी मिळते, ती भिंतीतच बसवता येते. तिला दार लागत नाही, फ्रेम लागत नाही.

डास येतील. येतीलच. त्यासाठी बारीक जाळी लावा. फक्त एवढे लक्षात ठेवा की बारीक जाळीने वारा कमी होतो, म्हणून खिडकी थोडी मोठी ठेवा.

गल्लीतून सगळे दिसते, घरात तरण्याताठ्या पोरी आहेत. ही अडचण मी हसण्यावारी नेत नाही. वस्तीत तीन फुटांच्या बोळात माणसे खिडकीला घासून जातात. तिथे खिडकीचा उंबरा माणसाच्या डोक्याच्या वर, सहा फुटांवर घ्या. वारा येतो, नजर येत नाही.

पाऊस आत येतो. त्याला उपाय छज्जा. दीड-दोन फुटांचा छज्जा स्लॅबच्या सेंट्रिंगच्या वेळीच सांगावा लागतो, नंतर जमत नाही.

पंखा आहे ना! हा सगळ्यात मोठा गैरसमज. छताचा पंखा खोलीतली तीच हवा घुसळतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. एक माणूस खोकला तर पंखा ते सगळ्यांना वाटतो. कूलरचेही तसेच. बंद खोलीत कूलर लावला तर नुसता दमटपणा वाढतो. कूलर खिडकीत आणि समोरची खिडकी उघडी, तरच तो गारवा देतो.

उरले पैसे. खिडकीला चौकट लागते, ग्रील लागते, हे खरे. पण तेवढ्या भिंतीच्या विटा, सिमेंट आणि प्लास्टर वाचतेही. घर झाल्यावर भिंत फोडून खिडकी काढायची म्हटले तर गवंड्याची मजुरी, लिंटेल, पुन्हा प्लास्टर, पुन्हा रंग. माझ्या स्वतःच्या घरी बाथरूमला झरोका ठेवायचा राहिला होता. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरली, तेव्हा तो फोडून काढला. फुकटात झाले असते त्याला पैसे मोजले, आणि शेजारणीची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पायाभरणीच्या आधी काय ठरवायचे

पहिले, वारा पाहा. मोकळ्या जागेवर एक काठी रोवा, तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधा आणि चार-आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ती कुठे फडफडते ते बघा. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेच्या बाजूने येतो. पण वस्तीत इमारती, बोळ, झाडे यांनी तो वळतो. म्हणून वास्तुशास्त्रवाल्याला दिशा विचारू नका, त्या चिंधीला विचारा.

दुसरे, प्रत्येक खोलीला दोन वाटा. एका वाटेने हवा येते, दुसरीने जाते. एकच खिडकी असलेली खोली ही एकाच तोंडाची बाटली. दोन वाटा समोरासमोरच्या भिंतींत असतील तर उत्तम, शेजारच्या दोन भिंतींत असतील तरी चालेल. दोन खोल्यांचे घर असेल तर मधल्या भिंतीतही दरवाजाच्या वर झरोका ठेवा, म्हणजे पुढून आलेला वारा मागून बाहेर पडेल.

तिसरे, एक वाट खाली, एक वर. गरम हवा वर चढते. खाली अडीच-तीन फुटांवर खिडकी आणि समोरच्या भिंतीत स्लॅबच्या लगत खाली झरोका ठेवला, तर बाहेर वारा पडलेला असला तरी गरम हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी येते. हा झरोका कधीच बंद करायचा नाही. रात्री दारे-खिडक्या लावल्या तरी तो चालू राहतो.

चौथे, माप. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीसाठी हिशेब दिला आहे. कोरड्या उष्ण हवेच्या भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, दमट उष्ण भागात एक षष्ठांश एवढी उघडी जागा हवी. दरवाजा यात धरायचा नाही. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 120 चौरस फूट. कोरड्या भागात तिला 12 चौरस फूट खिडकी हवी, म्हणजे 3 बाय 2 च्या दोन खिडक्या. मुंबई-कोकणासारख्या दमट पट्ट्यात 20 चौरस फूट, म्हणजे 4 बाय अडीचच्या दोन. एक सावधगिरी बाळगा. सरकत्या काचेची खिडकी दिसायला छान, पण ती सहसा अर्धीच उघडते. पाखांची खिडकी पूर्ण उघडते.

पाचवे, स्वयंपाकाची जागा. ती वारा जिकडे बाहेर पडतो त्या बाजूला घ्या. नाहीतर फोडणीचा ठसका आणि चुलीचा धूर घरभर फिरून मग बाहेर जातो. ओट्याच्या वरच्या बाजूला झरोका हवाच. जमले तर तिथे छोटा एक्झॉस्ट पंखा बसेल एवढे गोल भोक आणि विजेचा पॉइंट आत्ताच ठेवा, पंखा पुढे कधीतरी घ्या. आणि ही जागा ठरवताना घरातल्या ज्या बाईला तिथे उभे राहायचे आहे तिला विचारा. मी पाहिलेल्या किती तरी घरांत ओटा कुठे असावा हे ठेकेदाराने ठरवले होते. त्याने आयुष्यात एक भाकरी भाजलेली नव्हती.

तिन्ही बाजूंनी भिंती असतील तर?

वस्तीत बहुतेकांची अडचण हीच आहे. पुढे बोळ, बाकी तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. अशा घराला समोरासमोर खिडकी कशी देणार?

एक उपाय वर आहे. खाली अर्ध्या अंतराचा नियम जमत नसला, तरी झरोका उंच घेतला तर त्याच्यापुढे शेजाऱ्याची भिंत फूट-दोन फूटच उरते. त्याच हिशेबाने मग फूटभर मोकळी पट्टीही कामाची ठरते. ज्यांचा स्लॅब आहे त्यांनी जिन्याच्या वरच्या खोपटाला चारही बाजूंनी जाळ्या ठेवाव्यात. तो जिनाच घराचे धुराडे होतो. पत्र्याचे छप्पर असेल तर कारखान्याच्या पत्र्यावर गरगर फिरणारा गोल पंखा पाहिला असेल, तसा छोटा बसवता येतो. तो वाऱ्यावर फिरतो, वीज खात नाही.

दुसरा उपाय शेजाऱ्याशी बोलण्याचा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण इंच-इंच जागेसाठी भांडतो, कारण आपल्याला जागा मिळालीच इंच-इंच. ते मी समजते. पण दोघांनी आपापल्या भिंतीला भिंत टेकवली की दोघांचीही खिडकी मेली. तेच दोघांनी मागे दीड-दीड फूट सोडले तर तीन फुटांची गल्ली होते, माणूस आत शिरून झाडू शकतो, दोन्ही घरांना मागची वाट मिळते. मात्र ही गल्ली उकिरडा होऊ द्यायची नाही, आणि पुढे त्यावर कुणी मोरी काढायची नाही, हे चार माणसांसमोर ठरवून घ्यावे. ज्या गावात एका रांगेत पाच-सहा घरकुले एकदम मंजूर होतात तिथे तर हे सहज जमते. विहारात बसून एक संध्याकाळ एवढ्यासाठी काढा.

रमाई आवास योजनेचे ग्रामीण घरकुल 269 चौरस फुटांचे. एवढ्याशा घरात दीड फूट सोडायचे म्हणजे जिवावर येते. पण त्या दीड फुटात आपण काय ठेवणार होतो? एक कपाट. मी पाहिलेल्या त्या घरात ते कपाटच खिडकीपुढे उभे होते.

घरकुलाचा हप्ता टप्प्याटप्प्याने मिळतो, आणि त्या-त्या टप्प्याला अभियंता पाहणीला येतो. तो आला की फक्त सही मागू नका. नकाशावर खिडकी कुठे आहे, झरोका कुठे आहे, बोट ठेवून दाखवायला सांगा. गवंड्यालाही लिंटेल पडायच्या आधी मोजपट्टी लावून दाखवायला लावा. हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

ज्यांचे घर आधीच बांधून झाले आहे त्यांनी एक अगरबत्ती पेटवून खोलीच्या मध्यभागी धरावी आणि धूर कुठे जातो ते पाहावे. धूर जागच्या जागी घुटमळला तर समजावे की आपला श्वासही तिथेच घुटमळतो आहे. मग खिडकीपुढचे सामान हलवा, दरवाजावर एक झरोका फोडा, रोग्याला पुढच्या, उघड्या दाराजवळच्या खोलीत झोपवा. भाड्याने राहणाऱ्यालाही यातले दोन-तीन तरी करता येतात.

त्या घरी मी महिन्याभराने पुन्हा गेले. मुलाचा मामा गवंडीकाम करतो. त्याने मागच्या भिंतीत स्लॅबच्या लगत दोन बाय एकची सिमेंटची जाळी बसवली होती आणि दरवाजावर दुसरी. कपाट पुढच्या खोलीत आले होते. भिंतीवरच्या निळ्या रंगाला प्लास्टरचे ओबडधोबड ठिगळ दिसत होते. आई म्हणाली, "ताई, रंगाची शोभा गेली."

मी म्हटले, "मावशी, राहू द्या तसंच. पोरगं बरं झालं की देऊ रंग."

ठिगळ अजून तसेच आहे. मुलाने सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला आणि तो कामाला लागला. धाकट्या बहिणीची तपासणी केली, तिला काही नाही. हे गोळ्यांमुळे झाले, पोटभर अन्नामुळे झाले, की त्या दोन जाळ्यांमुळे, हे वेगळे काढून मी सांगू शकत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की ज्याने अजून जोत्याचा दगड ठेवलेला नाही, त्याला ते ठिगळ लावावेच लागू नये.